टेलिफोनला दोन घागरी पाणी

टेलिफोनला उन्हाळ्यात रोज दोन घागरी पाणी घालावे लागते, ही गोष्ट मला कोणत्याही वर्गात शिकवली गेली नव्हती. अमरावतीला शिक्षिकांच्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर सरळ रेघ कशी काढावी, सगळ्या वर्गाला एकाच वेळी पाटी खाली कशी ठेवायला लावावी, हे मी शिकले. पुढे टेलिफोन खात्यात आले तेव्हा तीन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाले. त्यात आवाज किती ठेवावा, नंबर पुन्हा कसा उच्चारून घ्यावा, हे होते. पाण्याचे काहीच नव्हते. ते मी कामावर शिकले. ज्यांच्यामुळे शिकले, त्यांच्याविषयी नीट क्रमाने लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे.

गाव अकोला जिल्ह्यातले, बाजाराचे. पोस्टाच्या मागच्या खोलीत एक्स्चेंज होते. एक्स्चेंज म्हणजे भिंतीला पाठ लावून उभे असलेले सागवानी कपाट आणि त्यासमोर एक उंच स्टूल. त्या कपाटाला सगळे बोर्ड म्हणत. बोर्डावर पंचवीस नंबरांची सोय होती आणि गावात टेलिफोन होते एकोणीस. महाराष्ट्र राज्य नवे नवे झाले होते, मोठ्या शहरांत आपोआप नंबर लागणारी एक्स्चेंजे आली होती, आणि आमचा बोर्ड मात्र महायुद्धाच्या आधीचा. तोही दुसऱ्या एका गावाने वापरून टाकलेला. ज्या कंपनीने तो घडवला तिने त्या जातीचे बोर्ड करणे कधीच सोडून दिले होते. एखादा भाग मोडला की खात्याच्या भांडारातून उत्तर येई : सदर वस्तू उपलब्ध नाही.

माझी नेमणूक हंगामी होती. त्याआधी एक वर्ष मी तिसरीच्या वर्गाला शिकवले होते. ती जागा रजेवर गेलेल्या बाईंची होती, त्या परत आल्या आणि मी मोकळी झाले. वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. छप्पन साली आमच्या घराने धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेली पहिली मुलगी मी. खुर्ची नव्हती, स्टूल होते. पण आईने वस्तीत खुर्ची असेच सांगितले होते. बोर्ड चालू असेपर्यंत माझी नोकरी. बोर्ड निकामी ठरला तर पोस्टाच्या काउंटरवर एकच सार्वजनिक टेलिफोन राहणार, आणि त्याला ऑपरेटर लागत नाही. हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्यात आले.

बोर्ड कसा चाले, ते फळ्यावर काढून दाखवावे तसे सांगते. घरी किंवा दुकानात माणूस आपल्या टेलिफोनचा दांडा फिरवी. त्यासरशी बोर्डावर त्याच्या नंबरची नखाएवढी लोखंडी झडप टप् करून पडे. मी एका दोरीचे टोक त्याच्या नंबरच्या भोकात घाली, विचारी, “नंबर?” मग दोरीचे दुसरे टोक हव्या त्या नंबरात घालून माझ्याकडचा दांडा फिरवी, की तिकडे घंटी वाजे. बोलणे संपल्यावर दांडा पुन्हा एकदा फिरवायचा असे; त्याने दुसरी झडप पडे आणि मला दोरी काढून घेता येई. गावातल्या टेलिफोनांना दोन दोन तारा होत्या. गावाबाहेरच्या सात टेलिफोनांना मात्र एकच तार; स्टेशन, दवाखाना आणि जिनिंगचे कारखाने त्यांतलेच. आवाज तारेने जाई आणि परतीची वाट जमिनीतून असे. वीज पडली तर तीही त्याच वाटेने जमिनीत उतरावी, अशी योजना होती. तेव्हा आमचे निम्मे यंत्र खोलीत होते आणि निम्मे जमिनीत.

हे मला समजावून दिले ते मेकॅनिक चाचांनी. ते मूळचे बाळापूरचे. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. गळ्यात रुमाल, खिशात पक्कड, आणि चष्म्याची एक काडी सुतळीची. पहिल्या दिवशी मी बोर्डाकडे पाहून विचारले, “चाचा, हा किती दिवस टिकेल?”

“बुढा हाय तो, बाई. बिमार नाई,” ते म्हणाले. “बुढ्याले दवा कमी लागते अन् परहेज जादा. तुमी परहेज सांभाळा, दवा मी पाहून घेतो.”

त्या परहेजाची, म्हणजे पथ्याची, मी एक वही केली. बोर्डाच्या चारही पायांखाली घासलेटाच्या वाट्या, म्हणजे वाळवी चढत नाही. दोऱ्यांची पितळी टोके रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची. तेल कधीही लावायचे नाही, कारण तेलाला धूळ धरते. दोरी टोकाशी झिजली की बोटभर कापून पुन्हा जोडायची. त्यामुळे आमच्या दोऱ्या दरवर्षी आखूड होत आणि मला दरवर्षी थोडे अधिक पुढे वाकावे लागे. झडपांमागे पाल शिरू नये म्हणून मागच्या फटींत कागदाच्या सुरळ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे : बोर्डावरच्या सहा रिकाम्या जागा. एकोणीस टेलिफोन आणि पंचवीस जागा, म्हणजे सहा झडपा, सहा स्प्रिंगा, सहा भोके बिनकामाची. आमचे भांडार ते हेच. तीन वर्षांत त्यातल्या चार जागा मी आणि चाचांनी खाऊन टाकल्या. कोणता भाग कुठून काढला आणि कुठे बसवला, ते वहीत नोंदलेले असे.

इथे थोडे विषयांतर करते. आता माझ्या घरी एक जुना संगणक आहे. ज्या प्रणालीवर तो चालतो तिची देखभाल तिच्या कंपनीने केव्हाच थांबवली. दुरुस्तीला येणारे गृहस्थ मला दर खेपेला म्हणतात, “आजी, आता हा धोक्याचा आहे, नवा घ्या.” त्यांचे म्हणणे चूक नाही. पण माझे लिखाण, माझे जुने धडे सगळे त्यातल्या एका जुन्या प्रोग्रॅमात आहेत, आणि तो नव्यात चालत नाही. म्हणून मी त्या संगणकाचे पथ्य सांभाळते. इंटरनेटची तार त्याला लावत नाही. त्या कामाला दुसरे यंत्र आहे. बाहेरची पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय आत घालू देत नाही. जे लिहिते त्याच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी ठेवते. तसाच एक बिघडलेला संगणक सुट्या भागांसाठी माळ्यावर ठेवला आहे. गृहस्थ विचारतात, हे तुम्हाला कोणी शिकवले. चाचांचे नाव सांगून त्यांना काय कळणार? मी म्हणते, नोकरीत शिकले. विषयांतर संपले.

यंत्राचे पथ्य सांभाळणे सोपे होते, माणसांचे कठीण. बोलणे संपल्यावर कोणीही दांडा फिरवत नसे. दोऱ्यांच्या धड जोड्या पाच. पाच माणसे दांडा न फिरवता उठून गेली की सहाव्याला लाइन नाही. मग मी शिक्षिकेचा मार्ग धरला. सकाळच्या निवांत वेळी एकेका नंबराला घंटी देऊन पाठ घेऊ लागले. सरकी-ढेपीचे एक व्यापारी होते, त्यांना तर चारदा.

“शेठ, बोलणे झाले की दांडा एकदा फिरवायचा.”

“काहून? मी तं ठेवतो ना बोंगा खाली.”

“तुम्ही ठेवता, पण मला ते दिसत नाही.”

“मंग तुमी आयकत नसता का मधातून? सारं गाव म्हनते, बाई आयकते.”

“मी ऐकत नाही, म्हणून तर दांडा फिरवायला सांगते. ऐकत असते तर मला कळलेच असते ना, तुमचे कधी संपले ते?”

पलीकडे ते दुकानातल्या कोणालातरी उद्देशून मोठ्याने म्हणाले, “आयक रे, मास्तरीन हुशार हाय!” त्या दिवसापासून त्यांचा दांडा चुकला नाही. सहा महिन्यांत एकोणिसातले सतरा टेलिफोन शिस्तीला लागले. उरलेले दोघे सरकारी अधिकारी होते, त्यांना मी सोडून दिले.

उन्हाळा आला तशी त्या सात लाइनींवर खरखर सुरू झाली. आधी बारीक, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. मग इतकी की स्टेशनमास्तरांचा आवाज नदीच्या पलीकडून आल्यासारखा वाटे. मी दोऱ्या पुसल्या, झडपा तपासल्या, वही चाळली. चाचा आले, त्यांनी बोर्डाकडे पाहिलेदेखील नाही. मला घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे जमिनीतून एक लोखंडी नळी वीतभर वर आली होती, आणि बोर्डाची एक जाड तार तिला बांधलेली होती. भोवतालच्या काळ्या मातीला माझा हात मनगटापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

“हे पाहा,” चाचा म्हणाले. “आपली काली जमीन बरसातीत फुगते अन् गर्मीत सुकडते. सुकडली का नळीले सोडून देते. नळी खाली एकटीच उभी राह्यते, मातीचा हात नाई तिले. मंग आवाज वापस येईन कुठून?”

त्यांनी नळीच्या पोटात मीठ आणि कोळशाचा चुरा भरला आणि म्हणाले, “सुबे एक घागर, शामले एक. पाऊस पडेपर्यंत खाडा नाई.”

पाण्याचा प्रश्न होता. पोस्टाच्या नळाला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार, तीही पहाटे. अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची विहीर. घर शेतकऱ्यांचे, गावात जुने. त्यांची काळी जमीन गावाच्या दक्षिणेला दूरवर पसरलेली. काकू भिंतीपाशी उभ्या राहून आमचे सगळे पाहत होत्या.

“काहून वं बाई, टेलिफोनले तहान लागली का?”

“हो काकू. जमीन कोरडी पडली की आवाज जात नाही.”

“माय वं! जनावराले पानी पुरून नाई राह्यलं अन् सरकार भोकात पानी ओतून राह्यलं.” असे म्हणत त्यांनी आपली भरलेली घागर भिंतीवर ठेवली. “घे. तुले नाई देत, टेलिफोनले देतो.”

पुढे रोज तसेच झाले. त्या घागर भिंतीवर ठेवत, मी ती माझ्या घागरीत ओतून घेई आणि त्यांची रिकामी परत ठेवी. मी त्यांच्या विहिरीवर कधी चढले नाही. त्यांनी चढू नको असे कधी म्हटले नव्हते, आणि चढ असेही म्हटले नव्हते. ते दोघींनाही माहीत होते, आणि पाणी मिळत होते. रोज संध्याकाळी काकू विचारीत, “पेला का तुया टेलिफोन?” मी म्हणे, पेला. खरखर गेली होती.

वैशाखात अमरावतीच्या विभागीय कार्यालयाचे पत्र आले. निरीक्षक येऊन बोर्ड तपासतील. सर्व लाइनी स्पष्ट चालल्या आणि विजेपासूनचे संरक्षण पुरेसे आढळले तर बोर्ड पुढे चालवण्याचा विचार होईल, नाहीतर एक्स्चेंज बंद करण्यात येईल. दिवस बुधवारचा. मी पत्र दोनदा वाचले आणि वहीत तपासणीची यादी केली. चाचांना नेमके त्याच आठवड्यात बाळापूरच्या बाजूला वादळाने पडलेले खांब उभे करायला पाठवले होते. जाताना ते एवढेच म्हणाले, “वही तुमच्यापाशी हाय. मी असलो काय अन् नसलो काय.”

रविवारी दुपारी एक्स्चेंज बंद झाल्यावर मी अकोल्याला घरी गेले आणि सोमवारी सकाळच्या एस. टी. ने परतले. मागच्या अंगणात पाऊल टाकले आणि थबकले. सबंध अंगण शेणाने सारवलेले होते. पोताऱ्याची अर्धवर्तुळे एकसारखी, एकही चुकलेली नाही. कडेने पांढऱ्या मातीची रेघ. मधोमध, जिथे नळी होती तिथे, एक गुळगुळीत उंचवटा, वर कौल बसवलेले आणि त्यावर रांगोळी.

भिंतीपलीकडून काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. “सायेब येऊन राह्यले ना परवा? म्हनलं, पोरीचं अंगन असं उखनलेलं बरं नाई दिसत. त्या भोकात इचू-काटा शिरन, म्हनून चिखल भरून बुजवून टाकलं पक्कं. अन् तुह्या दोन घागरी चुकवल्या नाई बरं! वरून टाकल्या.”

काकू स्वतः भिंत ओलांडून आल्या होत्या. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरची बाई, आमच्यासारख्यांच्या मुलीचे अंगण गुडघ्यावर बसून सारवून गेली होती. आणि मला “पोरी” म्हणत होती. आजवर मी “बाई” होते. त्यांना काय सांगायचे? की हे सगळे उखडून काढा? मी म्हटले, “काकू, फार सुंदर झाले आहे.” ते खरेच सुंदर झाले होते.

त्यानंतर मी स्वतःशी जो हिशेब मांडला तो कोणत्याही विद्यार्थ्याच्या वहीत मी चूक म्हणून खोडला असता. म्हटले, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. म्हटले, वरून घातलेले पाणी कुठूनतरी मुरेलच. संध्याकाळी मी घागर ओतली. सारवण इतके उत्तम होते की सगळे पाणी त्यावरून वाहत भिंतीच्या कडेला गेले. मंगळवारी स्टेशनच्या लाइनीवर मोहरी तडतडू लागली. मी वही उघडली, तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : खाडा नाही. वही मिटली आणि काहीच केले नाही. नोकरी माझी होती, चूक डोळ्यांसमोर होती, आणि तरी एका बाईचा हिरमोड होईल म्हणून मी गप्प बसले. आपल्याकडे अशा भिडेने पुष्कळ चांगली यंत्रे बिघडली असतील.

बुधवारी दहा वाजता साहेब आले. बोलणे पुण्याकडचे, हातात चामड्याची पेटी. त्यांनी झडपा पाहिल्या, दोऱ्या ओढून पाहिल्या, माझी वही उघडून चार पाने वाचली.  मग माझे हेडफोन लावून दवाखान्याला घंटी दिली. दवाखान्यातले कंपाउंडर ओरडत होते ते मला हेडफोनबाहेर ऐकू येत होते. साहेबांनी दुसरी लाइन घेतली, तिसरी घेतली. सातही लाइनींची एकच गत. मग त्यांनी पेटीतून मोजणीचे यंत्र काढले, जमिनीकडे जाणारी तार तपासली. काटा जिथे थांबायला हवा होता तिथून कितीतरी पुढे गेला.

“हे धोकादायक आहे,” ते शांतपणे म्हणाले. “उद्या वीज पडली तर ती या बोर्डात उतरेल. आणि तुम्ही इथे बसता. बाई, तुम्ही देखभाल चांगली ठेवली आहे, ते मी लिहीन. पण बोर्ड संपला.” त्यांनी पेनचे टोपण काढले.

मी उभी राहिले. शाळेत चुकलेला मुलगा उभा राहतो तशीच. “साहेब, बोर्ड संपला नाही. जमीन कोरडी आहे. नळीचे तोंड सोमवारपासून बंद आहे. मला माहीत होते आणि मी उघडले नाही.”

“माहीत होते? मग का नाही उघडले?”

 उत्तर मागच्या दारातून आले. साहेबांसाठी ताकाचा तांब्या घेऊन काकू केव्हाच्या तिथे उभ्या होत्या.

“मीनं बुजवलं, सायेब. हिले काई म्हनू नोका.” मग माझ्याकडे वळून, आवाज चढवून, “अन् तुले तोंड नोतं काय वं? म्हनायचं होतं, काकू, चुकलं तुमचं! मले काय फाशी लागत होती?”

तांब्या उंबऱ्यावर ठेवून त्या अंगणात गेल्या, कमरेला खोचलेले खुरपे काढले आणि स्वतःच्या हाताने घातलेली रांगोळी, कौल, चिखलाचे बूच, सगळे फोडून काढले. बूच निघताच नळीच्या तोंडातून कोरडी, गरम झळ आली. मी घागर घेऊन भिंतीपाशी गेले, सवयीने, आणि त्या भरून ठेवतील म्हणून थांबले. काकू विहिरीच्या काठावर चढल्या होत्या. त्यांनी एक पोहरा सोडला, मागे पाहिले.

“तिथं काय उभी राह्यली? वर ये. एकटीनं किती वढू? तिकडे सायेब बसून राह्यले.”

मी चपला काढल्या, भिंत ओलांडली आणि विहिरीवर चढले. दोन दोरखंड होते, दोघी ओढत होतो. काकूंना माझ्यापेक्षा कमी दम लागत होता. “शिकली तेवढी, पन हातात जोर नाई!” असे त्या दोनदा म्हणाल्या. बारा घागरी झाल्या. पाणी नळीत गटगट करत उतरत होते आणि वर येत नव्हते.

आत आले तेव्हा साहेब घड्याळ पाहत होते. अमरावतीची एस. टी. पाऊण वाजता सुटते, हे मला ठाऊक होते, त्यानंतरची संध्याकाळी. मी म्हटले, “साहेब, मातीला फुगायला अर्धा तास लागतो.” हे मी वहीतल्या नोंदीवरून सांगत होते. त्यांना ते ऐकण्याचे काही कारण नव्हते. तपासणी झालेली होती, आकडा लिहिलेला होता. त्यांनी पेनला टोपण लावले, स्टूल ओढले आणि ताक प्यायले. एस. टी. चा भोंगा पोस्टापुढून निघून गेला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. ते माझी वही पहिल्या पानापासून वाचत होते.

अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा मोजणी केली. काटा हळूहळू चढला आणि जिथे थांबायला हवे त्याच्या अलीकडेच थांबला. मग त्यांनी एका जिनिंगला घंटी दिली आणि मघाच्या अनुभवाने घसा ताणून म्हणाले, “हॅलो! ऐकू येतंय का?”

“येते ना!” पलीकडून आवाज आला, खोलीभर ऐकू येईल असा. “काहून वरडून राह्यले, बाप्पा? मी का खेड्यात हावो?”

साहेब पहिल्यांदा हसले. सातही लाइनी झाल्यावर त्यांनी आधीचा आकडा खोडला नाही. त्याखाली दुसरा लिहिला, आणि दोन्हींच्या मध्ये कारण लिहिले. मला तो कागद दाखवला. मी शिक्षिका होते म्हणून सांगते, चूक न खोडता तिच्याखाली बरोबर उत्तर लिहिणारे फार थोडे असतात.

“पुढच्या वेळी वेळेवर सांगा,” निघताना ते म्हणाले. “माणूस समजून घेतो. काटा घेत नाही.”

चाचा शुक्रवारी परतले. सगळे ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला. “बुढ्याचं परहेज मोडलं तं मोडलं, अन् वरून सांगायची शरम!” नंतर मात्र तासभर अंगणात काहीतरी मोजत राहिले. शेवटी काकूंच्या यजमानांना बोलावून त्यांनी भिंतीच्या पायथ्याची एक वीट काढायला लावली. त्या बाजूला त्यांची न्हाणी होती. न्हाणीचे पाणी त्या विटेच्या जागेतून चर खणून थेट नळीपाशी आणले. तेव्हापासून त्या घरात जितक्या आंघोळी होत तितके आमचे संरक्षण पक्के होई. घरात माणसे अकरा होती. काकू सांगत, “आता आमी आंगोयी सरकारी कामासाठी करतो.”

बोर्ड त्यानंतर आणखी सहा वर्षे चालला. माझ्याविषयीचे पत्र मात्र त्याच श्रावणात आले. पोस्टमनने ते बोर्डाच्या फळीवर ठेवले. बाजाराचा दिवस होता. लिफाफा फोडला आणि “आपली हंगामी नेमणूक” एवढे वाचले, तोच एक झडप पडली. लाइन दिली. “दिनांकापासून” वाचले, दुसरी पडली. स्टेशनला बाळापूर हवे होते, ते जोडून द्यायला वेळ लागला. “कायम करण्यात येत आहे” हे शब्द मी तिसऱ्या आणि चौथ्या झडपेच्या मध्ये वाचले. चौथी झडप दवाखान्याची होती.

“नंबर?” मी विचारले.

“तेरा द्या,” कंपाउंडर म्हणाले, आणि मग थांबले. “काहून बाई, आज आवाज येगळा लागून राह्यला?”

“लाइन साफ आहे.”

“लाइन नाई म्हनत मी. तुमचा.”

मी त्यांना तेरा नंबर दिला.